ग्लेनिसची दुर्बीण

वेल्सचे ढग जरा हटले, की परसातल्या शेडकडे धावणारी माझी बायको ग्लेनिस वारली. शेडमध्ये तिची भलीमोठी दुर्बीण तेवढी उरली. ती मला एकट्याला हलवत नाही आणि बघवतही नाही. शेवटी आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात मी सांगून टाकलं, "कुणीही न्या, फुकट. मला फक्त शेड रिकामी करून द्या."

सगळे गहिवरले. "आपल्या ग्लेनिसची दुर्बीण बाहेर कशी जाऊ देऊ?" एमरिस म्हणाला. "शनिवारी व्हॅन घेऊन येतो. तू चहा ठेव."

शनिवारी तो आला, मंडळातल्या ट्रेवरलाही घेऊन आला. दोघांनी चहा प्यायला, केक संपवला आणि आपापली कंबर धरत मला व्हॅनपाशी नेलं. एमरिसने दार उघडलं. आत दोन दुर्बिणी आडव्या पडल्या होत्या, ग्लेनिसच्या दुर्बिणीपेक्षाही जड.

"तुझी शेड म्हणजे आजपासून ग्लेनिस स्मृती वेधशाळा!" एमरिस म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते.



ट्रेवर म्हणाला, "जरा हात लाव, गड्या. आमची गॅरेजं मोकळी झाली, की बायका तुझ्या ग्लेनिसला दुवा देतील."