हेल्मेटमधला कंदी पेढा

आईने स्वतः बशीत कंदी पेढा आणून ठेवला, तरी बाबांनी "नको गं" म्हणत बशी सरकवली. गेल्या महिन्यात गिळलेल्या इवल्या रोबो-कॅप्सूलने त्यांचं जठर दहा मिनिटांत आतूनच शिवून लहान केलं होतं, आणि वजन उतरायच्या आधीच रक्तातली साखर ताळ्यावर आली होती. पण पेढ्याची गोडीच गेली!

ऋजुताला जुने दिवस आठवले, आईने बाबांचं गोड बंद केलं होतं तेव्हाचे. बाबा हेल्मेटमध्ये पेढा लपवून आणायचे, ती पहारा द्यायची, मग दोघं मिळून तो फस्त करायचे.

तिने पेढा गुपचूप खुंटीवरच्या हेल्मेटमध्ये टाकला आणि ते बाबांपुढे धरलं. "बाबा, पटकन! आई येतेय!"

बाबांनी झटकन अर्धा पेढा तोंडात टाकला, अर्धा तिला दिला. "अगदी तसाच लागतोय गं!"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "सावकाश खा रे चोरांनो, मी पाच मिनिटं बाहेर येत नाहीये!"