हातोहात

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं नव्हतं. दुष्काळ मात्र जुनाच होता. देवणीजवळच्या पाझर तलावावर बारा बायांची टोळी माती वाहायची, पण पंचशीलाच्या हातून टोपली कुणी घेईना. ती टोपली खाली ठेवायची, पुढची वाकून उचलायची. रोज माती मापाला कमी भरायची आणि अकराजणी तिच्यावरच खेकसायच्या.

शेवटी पंचशीला कावली. "इटाळ घरी ठेवून येत जा, बायांनो! मी 'हां' म्हनलं की समद्यांचे हात एकदम हलले पायजेत."

पोटापुढं सोवळं टिकलं नाही. महिन्याभरात टोपली अशी हातोहात पळू लागली की टोळी वीसजणींचं काम उरकू लागली.

मुकादम खूश झाला. "लई बेस! मंग आता अकराच बस झाल्या. कोन कमी करायची, तुमीच ठरवा."

रांगेत रोज पंचशीलाच्या शेजारी उभी राहणारी गुणाबाई, तिच्याकडं न बघता, तिचंच नाव बोलली.

"कबूल असंल तर हात वर करा," मुकादम म्हणाला.



'हां' कुणीच म्हटलं नाही. तरी अकरा हात एकदम वर गेले.