चाळिसावा दिवा

"उत्तर चुकीचं" असं पडद्यावर पुन्हा उमटलं आणि रुदैनाला खुर्ची सोडावी लागली. संघात मुली तिघी, संगणक एकच. एकीने टाइप करायचं, बाकीच्या दोघींनी कागदावर डोकं फोडायचं. सकाळपासून खुर्ची रुदैनाच्याच बुडाखाली होती. आता गुफ्रान बसली. ती संघात नवी, आणि आपल्या वाट्याच्या कोड्याचा प्रोग्राम आज पहिल्यांदाच लिहीत होती.

प्रोग्रामिंगच्या स्पर्धेने इर्बिदच्या विद्यापीठाचं सभागृह फुग्यांनी भरून गेलं होतं. सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे टेबलाला एक फुगा. यांच्याकडे चार होते, कैरोच्या पुढच्या फेरीला पाच हवे होते. रुदैनाचं हे शेवटचं वर्ष. आज हुकलं की कायमचंच हुकलं.

तिचं कोडं दिव्यांचं होतं. चाळीस दिवे, प्रत्येक बटण त्यातले काही उलटवतं. सगळे विझवता येतील का? तिने सगळे दिवे एकाच संख्येत बसवले होते. पेटलेल्याच्या घरात एक, विझलेल्याच्या घरात शून्य. प्रोग्राम छापून आणलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत ती पुटपुटत होती, "एक घ्यायचा, दिव्याच्या क्रमांकाइतकी घरं डावीकडे सरकवायचा... बरोबर तर आहे! ही ओळ मी झोपेतसुद्धा लिहीन."

"झोपेतच लिहिलीयस, माझे राणी," संघातली तिसरी, मैस, म्हणाली. घड्याळ आणि बिस्किटं तिच्या ताब्यात होती. "पाच मिनिटं राहिलीत."

गुफ्रानची बोटं थांबली. "तो एक कुठला घेतलायस?"

"एक म्हणजे एक. साधा!"

"साधा बत्तीस घरांचाच असतो गं. तुझी संख्या मोठी आहे, पण सरकवतेस तो एक लहान आहे. बत्तीसच्या पुढचे दिवे तुझ्या हिशेबात आलेच नाहीत."

रुदैनाचे कान लाल झाले. नव्या मुलींना हीच चूक करू नका म्हणून तीच दटावायची.

गुफ्रान खुर्चीतून उठलीसुद्धा. तिचं कोडं पडद्यावर अर्धवट होतं.

"आणि तुझं?"

"माझं होईल, न होईल. तुझं होतंय. बस लवकर."

तोच लहान एक जागोजागी पेरलेला होता. रुदैनाने शोधून शोधून सगळे बदलले, एकदा तपासलं आणि पाठवून दिलं. लगेच वेळ संपल्याची घंटा झाली. सगळ्यांना कीबोर्डवरून हात वर करावे लागले.

मग जांभळा फुगा घेऊन एक मुलगा टेबलांमधून वाट काढत आला आणि त्यांच्या टेबलाला बांधून गेला. मैसने किंकाळी फोडली. रुदैनाला रडू फुटलं. कुणाचे इतके उपकार तिला आजवर कधी वाटले नव्हते. त्यांच्याकडे जेवू घालणाऱ्याला म्हणतात तेच तिच्या तोंडून निघालं.

"तुझे हात सलामत राहोत, गुफ्रान."

"माझे? टाइप तर तू केलंस."

"तू ते कीबोर्डवरून उचललेस ना," रुदैना डोळे पुसत म्हणाली, "म्हणून."