दर्शनी भिंत

"हा काय रंग झाला?" विनायक फाटकाबाहेरच थांबला. "बँडवाला राहते का इथं?"

अलकाने कडी काढली. घर बैठं, कौलारू. दर्शनी भिंत भडक गुलाबी, बाकीच्या तिन्ही भिंतींना जुना, नीळ घातलेला चुना.

"रंग बदलता येतो," ती म्हणाली.

"मग तूच पाहून घे. मला बाहेरून दिसलं तेवढं पुरे."

जवळच सरकी काढायची जिनिंग गिरणी होती. हवेत कापसाचे तंतू उडत होते. त्याने नाकाला रुमाल लावला आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. गल्लीच्या तोंडाशीच त्याचं डोकं दुखायला लागलं होतं.

अलकाला संताप आला. तिची सौंसरच्या शाळेतून पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत बदली झाली होती. अंधारात बस पकडायची, अंधारात परत यायचं. म्हणून इथेच घर घ्यायचं होतं, तेही तिच्या पगारातून. तिचा नवरा विनायक ठोंबरे, सिंचाई विभागातला कारकून, एक रुपया घालणार नव्हता, पण नकार मात्र त्याचाच चालायचा. आधीची दोन घरं त्याने न पाहताच मोडीत काढली होती. निळं होतं ते म्हणे दवाखान्यासारखं, पिवळं होतं ते धर्मशाळेसारखं. या खेपेला तिने सांगून टाकलं होतं, "आला नाहीत तर मी एकटीच इसार देऊन येईन." म्हणून तो आला होता.

घरमालकीण वत्सलाबाई ओसरीवर बसल्या होत्या. साठीच्या, काटक.

"या, बाई. तुमच्या शाळेतल्या मीना मॅडमनं पाठवलं न तुम्हाले? सायब बाहेरच?"

"त्यांना रंग आवडला नाही."

"माणसाइले घर घ्याचं नसलं का रंग आवडत नाही," वत्सलाबाई म्हणाल्या.

अलकाला हसू आलं. तिच्याही मनात तेच होतं.

वत्सलाबाईंची मुलगी सुशीला पाणी घेऊन आली. तिशीची, कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र.

"माहेरपणाला आल्यात?" अलकाने विचारलं.

"इथंच राहते थे," वत्सलाबाईंनी उत्तर दिलं. "जावई सरकारी नोकरीत. बदल्या होत राहते त्याइच्या."

अलकाने घर नीट पाहिलं. स्वयंपाकघरात पूर्वेचा उजेड, मागे विहीर, वासे धड. खोल्यांतला चुना जुना असला तरी कुठे ओल नव्हती. घर तिला आवडलं. म्हणूनच ती पुन्हा दर्शनी भिंतीपाशी आली. चारांतल्या एकाच भिंतीला एवढा जाड रंग कशासाठी? अशा रंगाखाली बहुधा लोणा असतो. भिंतीतले क्षार ओलीबरोबर वर येतात आणि प्लास्टर पोखरतात. रंग काही महिने ते झाकतो, तेवढ्यात घर विकलं जातं.

तिने सरळच विचारलं.

"माह्या भिंतीले लोणा?" वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या. "तीन गिऱ्हाइकं आले. रंग नव्हता तवा भिंत पाहून फाटकातूनच परत गेले. म्हणे, हे घर लाभाचं नाही. रंग दिला तं तुम्ही म्हणता लपवलं काय. लोकाइले घर घ्याचं राहते का भिंत?"

"आधी काय होतं भिंतीवर?"

"काही नाही."

"माझ्या लग्नाचं होतं," सुशीला दारातून म्हणाली.

अलकाचा जीव भांड्यात पडला. या भागात घरोघरी दर्शनी भिंतीवर लग्नाचं चित्र असायचं. गणपती, दोन बाजूंना केळी, हत्ती, आणि खाली नवरानवरीची नावं. पोरं शाळेत जायला लागली तरी ती नावं भिंतीवर असत.

"मग झाकलं कशाला? सगळ्यांकडे असतं."

"तुमच्या घरी आहे?"

"नाही. आमचं ब्याऐंशी साली रामटेकला झालं, चार माणसांत. ह्यांना देखावा आवडत नाही."

"चांगलं झालं," सुशीला म्हणाली. "भिंत तरी वाचली."

"सुशीले, आत हो."

"काहून? घर विकायचं आहे न? बाई खात्री मागून राहिल्या, त्यांना खात्री देऊ. तोंड लपवून बसायला मी काय चोरी केली?"

तिने बादलीत फडकं भिजवलं आणि भिंत घासायला घेतली. खाली तेलरंग होता. त्यावर पाण्यात कालवलेलं हलकं डिस्टेंपर धरत नाही, हे अलकाला ठाऊक होतं. गुलाबी ओघळ जोत्यावर उतरले. हत्तीची सोंड दिसली, केळीचं पान दिसलं. अलकाने बोटाने टकटक केलं. प्लास्टर घट्ट होतं. क्षाराचा कणही नव्हता.

"पुरे," ती म्हणाली. "भिंत चांगली आहे. मला घर पसंत आहे. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या, मी आजच इसार देते."

वत्सलाबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्या चहा ठेवायला वळल्या. सुशीला मात्र थांबली नाही. गणपतीखालची तारीख निघाली, मे १९७९. तारखेच्या उजवीकडे 'चि. सौ. कां. सुशीला' निघालं.

"अलका," रस्त्यावरून विनायकने हाक मारली. "चल लवकर. बस जाईल."

सुशीलाचा हात भिंतीवरच थांबला. वत्सलाबाई दारात थबकल्या. दोघींपैकी कोणीही रस्त्याकडे पाहिलं नाही.

मग सुशीलाने फडकं पुन्हा बुडवलं, पिळलं, आणि डावी बाजू दोन्ही हातांनी वरपासून खालपर्यंत पुसून काढली.

"वाचा, बाई," ती म्हणाली.

अक्षरं मोठी, हिरवी, ठसठशीत होती. चि. विनायक ठोंबरे.