जुबैदाबीच्या गाडीचं तिकोनी इंजिन

"खल्लास हाय हे," केसरीनाथ म्हणाला. तो शेजारचा टायरवाला. न विचारता बोलायची त्याला खोडच. "काल्हेरच्या गोदामात जपानचं इंजिन तयार पडलंय. बसवा नि मोकळे व्हा."

कासम मेकॅनिक बोनेटमधून डोकं वर काढेना. नारपोलीत अशी गाडी दुसरी नव्हती. हिच्या इंजिनात पिस्टनच नाय. फुगलेल्या समोशासारखा तिकोनी रोटर आत गरगर फिरतो. त्याच्या कोपऱ्यांवरच्या पट्ट्या झिजल्या, म्हणून गाडीला दम लागायचा.

"मोकळं व्हायचं असतं तर मी रिक्षानेच फिरले असते," जुबैदाबी म्हणाल्या. वय सत्तरीला टेकलेलं, पण जीभ वीस वर्षांची. सोबत नात अक्सा. "घरात निकाह ठरलाय, कासमभाई. चाँद दिसला की पहिला जुम्मा. दुल्हन ह्याच गाडीत बसणार. बदलायचं की बांधायचं, ते तुम्ही सांगा."

"मुबारक हो, बेटी!" केसरीनाथ अक्साला म्हणाला. अक्साने ओढणीत तोंड लपवून हसून घेतलं.

कासमने आतून बोट फिरवून पाहिलं. दुसरं बसवलं तर दोन दिवसांचं काम. हे खोलून बांधलं आणि वेळेत चालू झालं नाही, तर दुल्हन दारात उभी, आणि कासमचं नाव गटारात.

"बांधतो," तो म्हणाला. "पट्ट्या गेल्यात, पण बाकी जुन्यात जीव हाय. फेकायचं का म्हणून?"

जुबैदाबींनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बांधा मग."

त्यानंतर त्या रोज यायच्या. स्टुलावर बसायच्या, डब्यातलं सांदण कासमसमोर सरकवायच्या, आणि थापा सुरू. "आमच्या मरहूम मियाँनी, अल्ला त्यांना जन्नत देवो, ही पळवली ना, की आम्ही ठाण्यात पोचायचो नि गाडीची सावली दिघाशीलाच राहायची. बिचारी मागून रिक्षा करून यायची!"

कासम पाना टाकून हसायचा. बायको गेल्यापासून एवढं हसला नव्हता. काय बाई हाय, त्याला वाटायचं. खोटं बोलते, पण ऐकणाऱ्याचं पोट भरतं.

इंजिन बांधून गाडीत बसवलं. चावी फिरवली, तर खोकला नि पांढरा धूर.

"चाचा, दुल्हनला धक्का मारायला लावणार काय?" केसरीनाथ ओरडला.

कासमने परत सगळं उतरवलं, पट्टी न् पट्टी पुन्हा बसवली. जुबैदाबींनी एका शब्दाने टोकलं नाही. नुसत्या बॅटरीचा उजेड धरून उभ्या.

निकाहच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. अख्खी पॉवरलूमची शेड एका सुरात चालावी तशी. केसरीनाथनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

कासम हात पुसत राहिला. उद्यापासून स्टूल रिकामं. ते गिळून त्याने विचारलं, "सकाळी कुठल्या हॉलला आणू? नवऱ्याकडच्यांना कळवलंय ना?"

"दादी, सांग की आता!" अक्सा म्हणाली.

जुबैदाबींनी गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या, डोक्यावरची ओढणी नीट केली.

"हॉलवाल्याला कळवलं, काझींना कळवलं, बिर्याणीवाल्याला कळवलं. नवऱ्यालाच विचारायचं राहिलंय. बोला कासमभाई, कबूल?"