बाहेर उघडणारं दार

आत.

सुताराने दाराला पाठ लावली, टाचा जमिनीत रोवल्या आणि ओरडला, "पलंग ढकला इकडे! दार गेलं की घर गेलं!"

बायकोने पलंग ढकलला. मुलगी हलली नाही. दार तिने बसवलेलं होतं. तिचं पहिलं दार. आणि उलटं बसलेलं.

बाहेर.

वाऱ्याने भर दुपारी संध्याकाळ केली होती. सुताराच्या कारखान्याचं छप्पर कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन बसलं होतं. वारा गल्लीत सरळ शिरत होता आणि एकेका दाराला धडका देत होता.

पुन्हा आत, पण महिनाभर आधी.

चौकट कारखान्यात पालथी पडली होती. मुलीने ती उलटून पाहिली नाही. दार बसायची खाच वरच्या अंगाला कोरली. चौकट भिंतीत गेली, सिमेंट सुकलं, दार चढलं आणि मग कळलं. सगळ्या गल्लीची दारं आत उघडतात, हे एकटं बाहेर. कडी वाजवून समोर उभं राहणाऱ्याच्या थेट नाकावर.

गल्लीने त्या दाराचं नाव ठेवलं नाकतोडा. हसून झाल्यावर लोक कडी वाजवून बाजूला व्हायला शिकले. शिकला नाही तो एकटा सुतार. तो कडी वाजवायचा, दाराला नाक लावून उभा राहायचा आणि रोज टोला खायचा. मुद्दाम. चूक कुणी विसरू नये म्हणून.

"रविवारी उखडतो," वादळाच्या आठवड्यात तो म्हणाला होता. "आणि तू अवजारांना हात लावायचा नाही. पुन्हा कधीच नाही."

"अहो, चालायला शिकलात तेव्हा तुम्ही काय पहिल्याच दिवशी धावलात?" बायको म्हणाली.

"मी पडलो असेन. गल्ली नाही पाडली."

अवजारांची पेटी त्याने आपल्या पलंगाखाली सरकवली. मुलगी रोज त्या पलंगाखालचा केर काढायची. पेटीला हात न लावता.

आणि वादळ आलं तो शनिवार होता. उद्या रविवार.

आत. आता.

सुतार जीव खाऊन रेटत होता. मानेच्या शिरा तटतटल्या. मग त्याच्या लक्षात आलं, दार उलट रेटतच नाहीये. त्याने जोर जरासा कमी केला. काही झालं नाही. पाठ सुटी केली. तरीही नाही. बाहेर वारा ऊर फुटेपर्यंत ढकलत होता आणि जितका ढकलत होता तितकं दार चौकटीत घट्ट बसत होतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही नका टेकू. वाराच टेकलाय."

बाहेर.

धाड.

"शिंपीणबाईंचं," सुतार आतून पुटपुटला.

धाड.

"मास्तरांचं."

गल्लीतलं प्रत्येक दार त्याच्या हातचं. मोडतानाचा आवाजही त्याला ओळखू येत होता. कड्या तुटत होत्या, दारं आत पडत होती. एकदा वारा घरात घुसला की छप्पर टोपीसारखं उडत होतं. सुतार मटकन पलंगावर बसला.

इतक्यात कडी वाजली.

"भाऊ, उघडा! सासूबाई आहेत बरोबर!" शिंपीणबाई.

आता हेच दार वाऱ्याच्या विरुद्ध उघडायचं होतं. मायलेकींनी पलंग सुतारासकट बाजूला सरकवला. मुलीने खांदा लावला. आईने लावला. बोटभर फट पडली आणि मिटली.

"बाबा, उठा. बिजागऱ्यांकडे नको, इकडे, कडीपाशी. झोत ओसरला की मी सांगते. आधी नाही."

सुताराला दार कसं उघडायचं हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो उठला. कडीपाशी आला.

"आता! नाक सांभाळा!"

"सांभाळलंय गं बाई, उघड!"

एवढ्या वाऱ्यातही बाहेर कुणीतरी हसलं. म्हातारी आत आली. शिंपीणबाई आली. मास्तर आले, सदऱ्यात मांजर खुपसून. मग अर्धी गल्ली आली. प्रत्येकामागे वारा दार स्वतःच लावून घेत होता, शहाण्या पोरासारखा.

आत. सकाळ.

खिडक्यांच्या काचा गेल्या होत्या. पाण्याची टाकी गेली होती. छप्पर होतं. दार होतं. शेजारी आपापली घरं शोधायला पांगले होते. मास्तरांचं मांजर पेटीला टेकून झोपलं होतं.

सुतार नव्हता. कोपऱ्यातली पहारही नव्हती.

आज रविवार. मुलीने दार ओढून घेतलं, कडी लावली आणि त्यावर तळहात ठेवून उभी राहिली.

बाहेर.

सुतार गल्लीभर फिरत होता. पहारीने चौकटी उखडत होता. शिंपीणबाईंची उखडली. मास्तरांची उखडली. सगळ्या त्याच्याच हातच्या.

"भाऊ, नवं दार मला नाकतोडाच हवं हं," शिंपीणबाई म्हणाली. "तुमच्या हातचं."

"माझ्या हाताला तसं येत नाही."

"मग कोण लावणार?"

"विचारून बघतो. रागावलीय."

तो घराकडे वळला. सगळी गल्ली बघत होती. त्याने पहार भिंतीला टेकवली, सदरा झटकला आणि कडी वाजवली.

मग एक पाऊल मागे सरला.