पहिला घोट

कार्निव्हलची मिरवणूक निघायला तासभर उरला होता आणि योवानाच्या सैतानी मुखवट्याचे लाल डोळे एकदाचे लुकलुकू लागले होते. आतला सर्किटबोर्ड तिने महिनाभर खपून स्वतः बसवला होता. तेवढ्यात तिची आई सातुर्निना आली आणि त्यांच्या ओरुरो शहरात प्रत्येक नव्या वस्तूवर शिंपडतात तशी धरणीमायचं नाव घेऊन तिने मुखवट्यावर बिअर शिंपडली. चर्रर्र! डोळे विझले.

"आई, काय केलंस गं हे! शॉर्ट झालं ना सगळं!"

"पहिला घोट तिचा असतो, बाई. तिला विसरून कुणाचं भलं झालंय?"

योवानाने दातओठ खात बॅटरी काढली. औषधाच्या दुकानातून शुद्ध अल्कोहोल आणून बोर्डावर ओतलं, जुन्या टूथब्रशने चिकट बिअर घासून काढली, फुंकर मारून मारून बोर्ड वाळवला आणि श्वास रोखून बॅटरी जोडली.

डोळे पेटले! बाहेर बँडही सुरू झाला. योवाना आईला धरून तिथेच नाचायला लागली.

धापा टाकत सातुर्निनाने अल्कोहोलची रिकामी बाटली उचलली, हुंगली आणि कपाळावर हात मारला.

"चुकलं ते माझंच. एवढ्या मोठ्या देवीची मी नुसत्या बिअरवर बोळवण करत होते!"